घरातली ती प्लास्टिकची फाइल

सडक अर्जुनीच्या धानपट्ट्यातलं एखादं घर एका पिढीत एक पायरी वर चढतं, ते कशाच्या जोरावर? मेहनत तर लागतेच. पण वेळेवर मिळालेला दाखला, वेळेवर आलेली बस आणि वेळेवर जमा झालेली शिष्यवृत्तीही लागते. आणि ही ‘वेळ’च सगळ्यात जास्त वेळा चुकते.

तुमच्या घरात एक फाइल असेल बघा. बटण लावायची, प्लास्टिकची, एका कोपऱ्यात फाटलेली. कुणाच्या घरी ती लोखंडी पेटीत असते, कुणाच्या घरी गादीखाली, कुणाच्या घरी फळीवर देवाच्या फोटोमागे. तिच्यात दहावीची मार्कलिस्ट असते, टीसी असते, रेशनकार्डाची झेरॉक्स असते, सातबारा असतो, आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची पिवळी पडलेली नक्कल असते. पावसात घर गळायला लागलं, की आई आधी धान्याची कोठी झाकते आणि मग ही फाइल.

शहरात वाढलेल्या तुमच्या एखाद्या मित्राला त्या फाइलचं एवढं काय ते कळणार नाही. पण तुम्हाला कळतं. कारण बारावीनंतर तुम्ही पुढे शिकणार की रोवणीला जाणार, हे बऱ्याचदा मार्कांवर नाही, त्या फाइलमध्ये कुठला कागद आहे आणि कुठला नाही, यावर ठरतं.

आज त्या फाइलबद्दलच बोलू.

जून महिन्यात खिसा रिकामा का असतो?

समजा, तुम्ही सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावात राहता. नावातच सडक आहे. पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यातून जातो, रात्रंदिवस ट्रक धावतात. एका बाजूला नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, गावागावात मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि नजर जाईल तिथपर्यंत धानाच्या बांध्या. गोंदिया शहर चाळीस-पन्नास किलोमीटर, नागपूर सव्वाशेच्या आसपास. जिल्हा वयाने तुमच्यापेक्षा फार मोठा नाही. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला.

घरी दोन एकर शेती आहे. बाबा शेती करतात आणि मिळेल ती मजुरी. आई बचत गटात आहे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. तुम्ही बारावी झालात, धाकटा भाऊ नववीत.

आता या घराचा पैसा वर्षभरात कधी येतो ते बघा. सोपा हिशेब मांडू. एकरी पंधरा क्विंटल धान धरलं, तर दोन एकरांत तीस क्विंटल. दहा क्विंटल घरी खायला आणि बियाण्याला ठेवलं. उरलेलं वीस क्विंटल आधारभूत केंद्रावर विकलं. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. म्हणजे हातात येणार ४७,३८० रुपये. त्यातून खत, ट्रॅक्टर, रोवणी-कापणीची मजुरी वजा करायची. हा पैसा येतो दिवाळीनंतर, चुकारे लांबले तर संक्रांतीच्याही पुढे.

मग तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, पहाटे उठून जंगलात जायचं, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फडीवर नेऊन मोजायचे. हे काम मोजक्या दिवसांचं. त्याचे पैसे लग्नसराईत, किराण्याच्या उधारीत आणि छपराच्या दुरुस्तीत जातात.

आणि कॉलेजचं अ‍ॅडमिशन कधी असतं? जून-जुलैमध्ये. नेमकी तीच वेळ पऱ्हे टाकायची, चिखलणीची, रोवणीची. घरातला प्रत्येक रुपया तेव्हा बांधीत गेलेला असतो. वर्षातले सगळ्यात कोरडे दोन महिने, आणि त्याच दोन महिन्यांत प्रवेश फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, बसचा पास, पुस्तकं.

म्हणजे तुमच्या घराची अडचण फक्त ‘पैसा कमी आहे’ एवढीच नाही. पैसा येतो एका महिन्यात आणि लागतो दुसऱ्याच महिन्यात, हीसुद्धा तेवढीच मोठी अडचण आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

या दोन महिन्यांच्या खड्ड्यावर पूल कोण टाकतो, त्यावर तुमच्या घराचं पुढचं पाऊल ठरतं. सावकाराने टाकला, तर शेकडा पाच दराने पुढच्या दिवाळीचं धान आधीच विकलं गेलं. कुणीच टाकला नाही, तर तुम्ही ‘एक वर्ष गॅप’ म्हणत घरी बसलात, आणि तो गॅप कितीदा तरी कायमचाच होतो. सरकारी व्यवस्थेने टाकला, तर तुम्ही सप्टेंबरमध्ये वर्गात बसलेले असता.

एक घर, किती व्यवस्था

‘सरकार काही करत नाही’ हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर सहज बोलून जातो. पण या एका घराभोवती किती व्यवस्था उभ्या आहेत ते मोजून तर बघू.

रेशन आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळतं. त्यामुळे घरचं थोडं जास्त धान विकता येतं. म्हणजे रेशन हे फक्त पोटासाठी नसतं, ते फीसाठीही असतं. कुणी असं म्हणत नाही, पण घरातला हिशेब असाच चालतो.

पीककर्ज आहे. वेळेत फेडलं, तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. पण ‘वेळेत’ या शब्दावर सगळं अडतं. चुकारे उशिरा आले, की परतफेडही उशिरा.

आईचा बचत गट आहे. ‘उमेद’ अभियान २०११ पासून राज्यात आहे, ‘माविम’ तर १९७५ पासून. गटातून उचललेल्या कर्जाचं व्याज गटातच फिरतं. आणि जून महिन्यात कुणाकडे हात पसरायचा, या प्रश्नाला आईकडे निदान एक इज्जतीचं उत्तर असतं.

एसटी आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस शाळेच्या मुलींसाठी गावात येतात, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मुलगी आठवीनंतर घरी बसायची, त्यामागे ‘गाडी नाही’ हे किती मोठं कारण होतं, ते तुमच्या आत्याला विचारा.

दवाखान्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिची किंमत घरातलं कुणी आजारी पडेपर्यंत कळत नाही. अनिरुद्ध कृष्णा नावाच्या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेशपासून केनिया, युगांडा, पेरूपर्यंत हजारो कुटुंबांचे चढउतार नोंदवले. त्यांना दिसलं ते असं : गरिबीतून बाहेर पडणाऱ्या आणि गरिबीत कोसळणाऱ्या घरांची कारणं वेगवेगळी असतात, आणि कोसळण्यामागे आजारपण व त्याचा खर्च हे फार मोठं कारण असतं. थोडक्यात, शिडी देऊन भागत नाही, खाली जाळीही लागते. दोन पायऱ्या चढलेलं घर एका ऑपरेशनने चार पायऱ्या खाली येतं.

आणि शिष्यवृत्त्या आहेत. इथे नीट लक्ष द्या. तुम्ही अनुसूचित जातीतले असाल आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. जेवण, खोली आणि किरकोळ खर्चासाठी वर्षाला नागपूर-पुणे-मुंबईसारख्या शहरांत ६०,००० रुपये, इतर महापालिका शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना याच धर्तीवर आहे. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

आता वरचा हिशेब आठवा. घरातलं विकलेलं सगळं धान : ४७,३८० रुपये, तेही खर्च वजा न करता. गोंदियात राहून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची स्वाधारची रक्कम : ४३,००० रुपये. म्हणजे ही योजना नीट चालली, तर तुमच्या घराला जवळजवळ आणखी दोन एकर शेती मिळाल्यासारखं आहे. खत नको, रोवणी नको, अवकाळीची भीती नको.

एवढी मोठी गोष्ट एका फाइलवर टांगलेली असते.

हे उपकार नाहीत

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘फुकट खायची सवय लागली’ असं कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. कधीकधी ते वाचून आपल्यालाच ओशाळं वाटतं. तेव्हा महाराष्ट्राच्या रोजगार हमीची गोष्ट आठवा.

१९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला. गावात ज्याला काम हवं त्याला काम द्यायचं. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, लाखो माणसं कामावर आली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदाच केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा कायद्याने दिलेला हक्क झाला. बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी, हेही त्यातूनच रुजलं.

आणि पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, तो यासाठीच. तुमच्या मावसभावाच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, त्या कपातीची ही जन्मकथा. शहराने गावाच्या दुष्काळी मजुराचा भार उचलायचा, हे महाराष्ट्राने ठरवून केलं होतं. गावातल्या धानावर, दुधावर, मजुरावर शहर चालतं, त्याची ती परतफेड होती.

याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला. २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात जे दोनशे जिल्हे घेतले, त्यात आपला गोंदिया होता. मामा तलावांचा गाळ, पांदण रस्ते, बांध्यांची कामं या पैशातून झाली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा मंजूर केला, त्यात १२५ दिवसांची हमी लिहिली आहे. कायद्याचं नाव बदलो, दिवस बदलोत, आपल्यासाठी प्रश्न तोच राहतो : काम मागितलं तेव्हा मिळालं का, आणि मजुरी वेळेवर आली का?

जंगलाचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. गोंदियातही देवरीकडच्या ग्रामसभा एकत्र येऊन तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. आधी पान तोडणाऱ्या बाईला फक्त मजुरी मिळायची. ग्रामसभा विकायला बसली, की नफाही गावात राहतो. पान तेच, हात तेच, फक्त कागदावर मालक कोण हे बदललं.

मग अडतं कुठे?

एवढं सगळं असून आपल्या वर्गातले निम्मे चेहरे दुसऱ्या वर्षाला का दिसत नाहीत? तीन जागा आहेत, जिथे पाणी गळतं.

पहिली जागा, कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. (तलाठ्यांचं पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) जातीचा दाखला, मग जात वैधता. वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आता विचार करा. ज्याच्या आजोबांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही, त्याच्याकडे शाळेचा दाखला कुठून येणार? मग कोतवाल पंजी शोधा, जुने अधिकार अभिलेख शोधा, चुलत आजोबांचा कागद शोधा. शिकलेल्या घराला पुरावा सोपा आणि न शिकलेल्या घराला अवघड, असा हा उलटा प्रकार आहे. ज्याला मदतीची जास्त गरज, त्यालाच ती मिळवायला जास्त पायपीट.

दुसरी जागा, वेळ. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण बऱ्याचदा ती खात्यात येते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. खोलीचं भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं असतं. मार्चमध्ये आलेले ४३,००० रुपये चांगलेच. पण जुलैत दहा हजार नव्हते म्हणून ज्याने खोली सोडली, त्याला मार्चचे पैसे मिळत नाहीत, कारण तो मार्चमध्ये कॉलेजात नसतोच. उशिरा आलेली मदत त्यालाच मिळते जो तिच्याशिवाय कसाबसा टिकला.

तिसरी जागा जरा लपलेली आहे. तिला कडा म्हणू या. स्वाधार योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेचीही अडीच लाखच आहे. समजा, शेती आणि मजुरी मिळून घराचं उत्पन्न १,१०,००० रुपये होतं. बाबांनी हिंमत केली आणि वर्षभर बाहेर राहून १२,००० रुपये महिन्याची ड्रायव्हरची नोकरी धरली. शेती आई सांभाळते. उत्पन्न झालं २,५४,०००. मर्यादेच्या चार हजार वर. शिक्षण शुल्काची सवलत राहील, पण तुमचे ४३,००० गेले आणि आईचे वर्षाचे १८,००० गेले. एकूण ६१,०००. म्हणजे चार हजारांची रेघ ओलांडली आणि एकसष्ट हजारांचा फटका बसला.

बाबांना नोकरी लागल्याचा आनंद करायचा की नाही, हेच त्या घराला कळत नाही. मग कुणीतरी कानात सांगतं, ‘उत्पन्न कमी दाखव ना लेका.’ आणि खरं बोलणारं घर मूर्ख ठरतं. यात दोष त्या घराचा आहे की नियमाचा? चढाला उतार हवा असतो. उत्पन्न थोडं वाढलं तर मदत थोडी कमी व्हावी, पुढच्या वर्षी अजून थोडी. एका रेषेवर सगळं तोडून टाकलं, की माणूस त्या रेषेच्या अलीकडेच थांबतो. आणि आपण म्हणतो, ‘हे लोक पुढे जातच नाहीत.’

सात पिढ्या?

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये एक अहवाल काढला होता. तळाच्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील, याचा अंदाज त्यात होता. डेन्मार्कमध्ये दोन. श्रीमंत देशांची सरासरी साडेचारच्या आसपास. भारतात सात.

सात पिढ्या म्हणजे तुमच्या नातवाच्या नातवाच्याही पुढे. डेन्मार्कची मुलं आपल्यापेक्षा जास्त मेहनती आहेत म्हणून तिथे दोन पिढ्या लागतात, असं कुणी म्हणणार नाही. पहाटे चारला तेंदूपत्त्याला निघणाऱ्या बाईपेक्षा मेहनती कोण आहे? फरक आहे तो चढणाऱ्याच्या पायाखाली काय आहे याचा.

आणि हे बदलता येतं, याचा पुरावा आपल्या उपखंडातच आहे. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ मध्ये एक पद्धत सुरू केली. अगदी गरीब घराला एकच गोष्ट द्यायची नाही. शेळ्या किंवा गाय द्यायची, ती सांभाळायचं शिक्षण द्यायचं, ती दूध देईपर्यंत जेवणापुरते पैसे द्यायचे, बचतीची सवय लावायची, आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी येऊन ‘कसं चाललंय’ विचारायचं. हे साधारण दोन वर्षं. मग हीच पद्धत भारतासह सहा देशांत, सुमारे साडेदहा हजार कुटुंबांबरोबर तपासली गेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले : मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी घरांची स्थिती सुधारलेलीच होती.

यात आपल्यासाठी काय आहे? त्या पद्धतीतली एकही गोष्ट नवीन नाही. शेळी, प्रशिक्षण, धान्य, बचत गट, भेट देणारी ताई, आपल्याकडे प्रत्येकाचं वेगळं खातं आहे. फरक इतकाच, की तिथे हे सगळं एकाच घरात, एकाच वेळी आलं. आपल्याकडे शेळी पशुसंवर्धनकडे, धान्य पुरवठा विभागाकडे, शिष्यवृत्ती समाजकल्याणकडे, दाखला महसूलकडे. आणि या सगळ्यांना जोडणारी एकच व्यक्ती असते : तुमची आई, हातात ती फाइल घेऊन, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कुठल्याच हिशेबात नसते.

तर तुम्ही काय करू शकता?

‘व्यवस्था बदला’ म्हणणं बरोबरच आहे, ते म्हणत राहू. पण या जूनसाठी थोडं हाताशी असलेलं बोलू.

एक, एप्रिलमध्येच उत्पन्नाचा दाखला काढा. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की लगेच. जुलैत सगळा तालुका एकाच खिडकीवर उभा असतो.

दोन, जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका. पुरावा शोधायला आजीला सोबत घ्या. कुठल्या गावाहून आपण इथे आलो, कुणाचं नाव कुठल्या शाळेत होतं, हे तिला पोर्टलपेक्षा जास्त माहीत असतं.

तीन, नावं जुळवून बघा. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, यात कितीतरी अर्ज मरतात. आणि बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा : ‘माझं खातं आधारशी सीड झालंय का?’ खातं असणं वेगळं आणि सरकारी पैसा त्याच खात्यात येणार हे ठरलेलं असणं वेगळं.

चार, पैसे आले तर ते कशाचे आहेत ते आधी पाहा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ते सगळे आपलेच समजून मोबाइल घेतला, तर परीक्षेच्या वेळी कॉलेज दारात उभं करतं.

पाच, पावती घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची, याचा फलक ऑफिसात लावणं बंधनकारक आहे. मुदतीत काम झालं नाही, तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. भांडायची गरज नसते. पोचपावतीवरची तारीख दाखवून शांतपणे ‘साहेब, मुदत संपली जी’ एवढं म्हटलं, तरी फाइल बऱ्याचदा हलते.

आणि सहा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एकदा हे सगळं केलंत, की तुम्हाला ते येतं. तुमच्या गावात पुढच्या वर्षी बारावी होणारी आठ-दहा पोरंपोरी असतील. एका रविवारी शाळेच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात त्यांना बसवा. प्रत्येकाची फाइल उघडा. काय आहे, काय नाही, एका वहीत लिहा. एनएसएसच्या शिबिरात आपण रस्ते झाडतोच, एक दिवस फाइली झाडू. त्यासाठी ना निधी लागतो ना बॅनर. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या बाबूंनाही सोबत बोलवा, त्यांना अर्ज कुठे अडकतात ते पाठ असतं.

ब्रॅकच्या त्या पद्धतीत दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारं माणूस होतं, आठवतंय ना? आपल्या गावात ते माणूस कुणी नेमलेलं नाही. तोवर ते तुम्ही असू शकता.

फाइल पुढे जाते

कधीतरी तुमची नोकरी लागेल. नर्सिंग झालं असेल, पॉलिटेक्निक, आयटीआय, किंवा एमपीएससी. पहिल्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापलेले दिसतील. तेव्हा कुरकुरू नका. कुठल्यातरी मामा तलावाच्या पाळीवर टोपलं उचलणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी तो कर जन्माला आला होता. आणि ती बाई कदाचित तुमचीच आजी होती.

घरी जाल तेव्हा ती फाइल अजून तिथेच असेल. आता तिच्यात तुमची वैधता आहे, तुमची डिग्री आहे. भावाला, उद्या तुमच्या मुलीला, १९५० पूर्वीचा कागद शोधत गावोगाव फिरायचं नाही, तुमचा कागद पुरेल. एका पिढीने केलेली पायपीट पुढच्या पिढीला करावी लागू नये, घर वर चढणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

फक्त एक करा. फाटलेला कोपरा आधी सेलोटेपने चिकटवून घ्या. पावसाळा येतोय.